तबीइयात आणि नफ्सियात : पदवी शिक्षणातील दोन विषयांचा इतिहास आणि बऱ्हाणपूर

प्रास्ताविक

महाविद्यालयात भौतिकशास्त्र हा विषय विज्ञान शाखेत असतो आणि मानसशास्त्र हा विषय कला शाखेत असतो. ही व्यवस्था आपल्या इतकी अंगवळणी पडली आहे की ती अशीच का, हा प्रश्न सहसा कोणी विचारत नाही. बारावीला गणित घेतलेला विद्यार्थी बी.एस्सी.ला जातो, त्याचा मानसशास्त्राशी संबंध येत नाही. कला शाखेत मानसशास्त्र घेणाऱ्या विद्यार्थिनीला प्रयोगवहीत सरासरी आणि विचलन काढावे लागते, पण मोजमाप म्हणजे काय, हे तिला कोणी भौतिकशास्त्राच्या अंगाने शिकविलेले नसते.

प्रस्तुत लेखात या दोन विषयांच्या पदवी पातळीवरील वाटचालीचा थोडक्यात आढावा घेतला आहे. हे दोन विषय मुळात एकमेकांजवळ होते, विद्यापीठांच्या रचनेमुळे ते दूर गेले आणि आता ते जवळ आणण्याची संधी उपलब्ध झाली आहे, हे दाखविणे हा लेखाचा उद्देश आहे. विवेचनासाठी बऱ्हाणपूर हे शहर समोर ठेवले आहे. तापीकाठचे हे शहर मध्य प्रदेशात असले तरी जळगाव जिल्ह्याच्या हद्दीला लागून आहे. येथे उर्दू, हिंदी आणि मराठी या तिन्ही भाषा एकाच बाजारपेठेत ऐकू येतात. सेवासदन महाविद्यालय आणि सैफी गोल्डन ज्युबिली कादरिया महाविद्यालय यांसारख्या संस्थांमुळे पदवी शिक्षणाची सोय शहरातच झाली. अशा शहरातील अध्यापकाला हा इतिहास उपयोगी पडेल, असे वाटते.

बऱ्हाणपूरची पार्श्वभूमी

फारुकी सुलतान नसीर खान याने 15 व्या शतकाच्या आरंभी हे शहर वसविले आणि सूफी संत बुऱ्हानुद्दीन गरीब यांच्या नावावरून त्याला नाव दिले. पुढे ते विद्वानांचे शहर म्हणून ओळखले जाऊ लागले. ‘कन्झुल उम्माल’ या विख्यात हदीस-संग्रहाचे कर्ते शेख अली मुत्तकी यांचा जन्म येथलाच. शेख मुहम्मद बिन फजलुल्लाह बुऱ्हानपुरी यांचा ‘तुहफतुल मुर्सला’ हा तसव्वुफवरील छोटा ग्रंथ तर थेट सुमात्रा व जावापर्यंत पोहोचला. ही परंपरा प्रामुख्याने हदीस आणि तसव्वुफ यांची होती. तिला आधुनिक विज्ञानाची परंपरा म्हणणे योग्य होणार नाही.

तथापि मोजमापाची आणि निरीक्षणाची दृष्टी या शहराला परकी नव्हती. त्याचे दोन पुरावे आजही उभे आहेत. पहिला पुरावा जामा मशिदीत आहे. आदिलशाह फारुकी याने बांधलेल्या या मशिदीत अरबीबरोबर संस्कृत शिलालेखही आहे. संस्कृत लेखात संवत 1646 आणि शके 1511 ही वर्षे दिलेली असून तिथी, नक्षत्र, योग, करण, लग्न आणि घटिकाही नोंदविल्या आहेत. हा काळ म्हणजे इ. स. 1590 ची सुरुवात. मशिदीच्या भिंतीवर पंचांगातील कालगणना इतक्या काटेकोरपणे कोरली जावी, यावरून दोन ज्ञानपरंपरा त्या काळी एकमेकींशी बोलत होत्या असे म्हणता येईल.

दुसरा पुरावा कुंडी भंडारा हा होय. यालाच खुनी भंडारा असेही म्हणतात. अब्दुर्रहीम खान-ए-खाना यांच्या काळात, 1615 साली, तबकुतुल अर्ज या इराणी भूजलतज्ज्ञाने ही योजना उभारली. सातपुड्याच्या पायथ्याशी झिरपणारे पाणी जमिनीखालच्या बोगद्यातून, केवळ उताराच्या बळावर, शहरापर्यंत आणलेले आहे. बोगद्यावर ठरावीक अंतराने शंभरावर कुंड्या आहेत. त्यांतून हवा खेळते आणि साफसफाईसाठी आत उतरता येते. पंप नाही, इंधन नाही. 2024 साली युनेस्कोच्या जागतिक वारसास्थळांच्या संभाव्य यादीत या वास्तूचा समावेश झाला.

एकाच ग्रंथातील दोन विषय

उर्दूत भौतिकशास्त्राला ‘तबीइयात’ आणि मानसशास्त्राला ‘नफ्सियात’ म्हणतात. या दोन शब्दांतच त्यांच्या जुन्या नात्याची खूण आहे. इब्न सीना यांच्या ‘किताबुश्शिफा’ या महाग्रंथाचे तर्क, तबीइयात, गणित आणि इलाहियात असे चार मोठे विभाग आहेत. त्यांपैकी ‘किताबुन्नफ्स’ हा आत्मा व मन यांविषयीचा भाग तबीइयातमध्ये आहे. गती, स्थल, काल यांचे विवेचन झाल्यावर त्याच विभागात पुढे दृष्टी, श्रवण, स्मृती आणि कल्पना यांचे विवेचन येते. दर्से-निझामीत शिकविल्या जाणाऱ्या ‘मैबुझी’ आणि ‘सदरा’ या टीकाग्रंथांचा मूळ आधार असलेल्या ‘हिदायतुल हिकमत’मध्येही तबीइयातचा शेवट वनस्पती, प्राणी आणि मनुष्य यांच्या नफ्सने होतो.

इब्नुल हैसम यांचे उदाहरण अधिक बोलके आहे. 11 व्या शतकात लिहिलेल्या त्यांच्या ‘किताबुल मनाझिर’मध्ये प्रकाशाचे परावर्तन आणि वक्रीभवन आहे, आणि डोळ्याला पडणाऱ्या भ्रमांचीही चर्चा आहे. क्षितिजावरचा चंद्र मोठा का दिसतो, या जुन्या प्रश्नाचे उत्तर त्यांनी पाहणाऱ्याच्या अंतराविषयीच्या अंदाजात शोधले. किरण डोळ्यापर्यंत येईपर्यंतचा प्रश्न भौतिकशास्त्राचा आणि तेथून पुढचा प्रश्न मानसशास्त्राचा. त्यांनी दोन्ही प्रश्न एकाच ग्रंथात हाताळले.

येथे एक सावधगिरी आवश्यक आहे. आजचे सर्व विज्ञान आपल्या पूर्वजांना ठाऊक होते, असा निष्कर्ष यावरून काढता येणार नाही. इब्न सीना यांची नफ्सविषयक मांडणी ॲरिस्टॉटलच्या चौकटीतील आहे. तिच्यात आजच्या अर्थाने प्रयोगशाळा नाही. आपला मुद्दा एवढाच, की या दोन विषयांमध्ये भिंत असलीच पाहिजे असे ज्ञानाच्या इतिहासात कोठेही ठरलेले नव्हते.

प्रयोगशाळेतील जन्म

आधुनिक मानसशास्त्राचा जन्मही भौतिकशास्त्राच्या घरातच झाला. 1796 साली ग्रीनिच वेधशाळेत मॅस्केलिन या प्रमुख खगोलज्ञाने आपल्या सहायकाला कामावरून काढले. ताऱ्याचे संक्रमण टिपताना सहायकाची वेळ आणि मॅस्केलिनची वेळ यांत सेकंदाच्या अंशांचा फरक सतत पडत होता. पुढे बेसेल या जर्मन खगोलज्ञाने दाखवून दिले की असा फरक कोणत्याही दोन निरीक्षकांत पडतो. सहायकाचा दोष नव्हता. माणसाच्या मनालाही वेळ लागतो, हे तोपर्यंत कोणी मोजले नव्हते.

1850 च्या सुमारास हेल्महोल्ट्झ यांनी मज्जातंतूतून संवेदना किती वेगाने जाते हे मोजले. लाइपझिग विद्यापीठात भौतिकशास्त्राचे प्राध्यापक राहिलेले फेख्नर यांनी 1860 मध्ये ‘मनोभौतिकी’ या विषयाचा पायाभूत ग्रंथ प्रसिद्ध केला. उत्तेजक किती वाढल्यावर संवेदनेत फरक जाणवतो, हे त्यांनी सूत्रात मांडले. हेल्महोल्ट्झ यांचे एके काळचे सहायक वुंट यांनी 1879 साली त्याच लाइपझिगमध्ये मानसशास्त्राची प्रयोगशाळा सुरू केली. परंतु वुंट यांचे पद तत्त्वज्ञानाच्या प्राध्यापकाचे होते. त्यामुळे नवे शास्त्र प्रयोगशाळेत जन्मले, पण त्याची नोंद तत्त्वज्ञानाच्या खात्यात झाली. पुढे बहुतेक विद्यापीठांत हेच घडले.

भारतीय विद्यापीठे

1857 साली कलकत्ता, मुंबई आणि मद्रास येथे विद्यापीठे स्थापन झाली. ती प्रामुख्याने परीक्षा घेणारी आणि महाविद्यालये संलग्न करणारी विद्यापीठे होती. भौतिकशास्त्राला आपल्याकडे हळूहळू स्वतंत्र विज्ञान शाखेत जागा मिळाली. मानसशास्त्र मात्र तर्कशास्त्र आणि नीतिशास्त्र यांच्याबरोबर तत्त्वज्ञानाच्या पेपरात शिकविले जाऊ लागले. ते पाठ करण्याचा विषय ठरले.

याला लक्षणीय अपवाद कलकत्ता विद्यापीठाचा. 1905 साली ब्रजेंद्रनाथ सील यांनी तेथे प्रायोगिक मानसशास्त्राचा अभ्यासक्रम आखला. दहा-एक वर्षांनी नरेंद्रनाथ सेनगुप्ता यांच्या नेतृत्वाखाली स्वतंत्र विभाग सुरू झाला. सेनगुप्ता हार्वर्ड येथे म्युन्स्टरबर्ग यांच्या हाताखाली शिकून आले होते. हा विभाग विद्यापीठाच्या विज्ञान महाविद्यालयात होता. 1917 साली पालित प्राध्यापक म्हणून चंद्रशेखर व्यंकट रमण तेथे रुजू झाले. मेघनाद साहा आणि सत्येंद्रनाथ बोस हे तरुण अध्यापकही त्याच काळात तेथे शिकवीत होते. म्हणजे ज्या संस्थेत भारतीय भौतिकशास्त्राची नवी पिढी घडत होती, तेथेच भारतीय मानसशास्त्राची पहिली प्रयोगशाळाही होती. महाराष्ट्रात पुणे विद्यापीठाने 1950 साली वा. कृ. कोठुरकर यांच्या नेतृत्वाखाली प्रायोगिक मानसशास्त्राचा विभाग सुरू केला. विभागाच्या नावातील ‘प्रायोगिक’ हा शब्द पुरेसा सूचक आहे. संलग्न महाविद्यालयांपर्यंत मात्र ही दृष्टी क्वचितच पोहोचली.

उस्मानियाचा प्रयोग

आपल्या वाचकांना विशेष जवळचा वाटेल असा प्रयोग हैदराबादेत झाला. 1917 साली तेथे भाषांतर विभाग आणि 1918 साली उस्मानिया विद्यापीठ स्थापन झाले. उच्च शिक्षणाचे माध्यम उर्दू ठेवण्यात आले. मौलवी अब्दुल हक यांनी भाषांतर विभागाची धुरा सांभाळली; वहीदुद्दीन सलीम यांनी परिभाषा घडविण्याचे शास्त्रच लिहिले. भावनांच्या मानसशास्त्रावर उर्दूत ‘फल्सफा-ए-जज्बात’ हे पुस्तक लिहिणारे अब्दुल माजिद दर्याबादी काही काळ याच भाषांतर विभागात होते. लाइपझिगहून डॉक्टरेट घेऊन आलेले रजीउद्दीन सिद्दीकी येथे अध्यापन करीत. तबीइयात आणि नफ्सियात हे दोन्ही विषय येथे विद्यार्थी आपल्या भाषेत शिकत होते. 1948 नंतर माध्यम बदलले आणि हा प्रयोग थांबला. 1998 साली मौलाना आझाद राष्ट्रीय उर्दू विद्यापीठ स्थापन होईपर्यंत मधली पन्नास वर्षे उर्दूतून विज्ञान शिकण्याची वाट जवळजवळ बंद होती.

बऱ्हाणपूरच्या विद्यार्थ्यावर याचा परिणाम अधिक झाला. शालेय शिक्षण उर्दूतून, महाविद्यालय हिंदीतून, संदर्भग्रंथ इंग्रजीतून आणि शेजारच्या जिल्ह्यात नोकरी शोधायची तर मराठी! एकाच संकल्पनेसाठी चार शब्द पाठ करण्यात त्याची शक्ती खर्च होते. तो विज्ञानात कच्चा आहे, असा शेरा आपण मारतो. वास्तविक तो पुष्कळदा भाषांतरात अडकलेला असतो.

बऱ्हाणपूर आणि बदलती विद्यापीठे

इंग्रजी अमलात बऱ्हाणपूर मध्य प्रांतातील निमाड जिल्ह्यात होते. प्रांतातील महाविद्यालये प्रथम कलकत्ता आणि नंतर अलाहाबाद विद्यापीठाशी संलग्न होती. 1923 साली नागपूर विद्यापीठ झाले, 1946 साली सागर विद्यापीठ आले. 1 नोव्हेंबर 1956 रोजी राज्य पुनर्रचना झाली आणि ज्या नागपूरशी या शहराचे प्रशासकीय नाते होते ते दुसऱ्या राज्यात गेले. इंदूर विद्यापीठ 1964 मध्ये स्थापन झाले. तेच पुढे देवी अहिल्या विश्वविद्यालय झाले आणि बऱ्हाणपूरची महाविद्यालये त्याच्या कक्षेत राहिली. 15 ऑगस्ट 2003 रोजी बऱ्हाणपूर स्वतंत्र जिल्हा झाला. 2024 साली निमाड भागासाठी खरगोन येथे क्रांतिसूर्य टंट्या भील विश्वविद्यालय स्थापन करण्यात आले.

विद्यापीठे बदलली तरी विषयांची मांडणी मात्र बदलली नाही. मध्य प्रदेशात दीर्घकाळ तीन विषयांचा गट आणि त्याबरोबर आधार पाठ्यक्रम अशी पदवीची रचना होती. भौतिकशास्त्र घेतले की गणित आणि रसायनशास्त्र ओघाने आले. 1964 ते 1966 या काळात काम केलेल्या शिक्षण आयोगाचे अध्यक्ष दौलतसिंह कोठारी स्वतः भौतिकशास्त्रज्ञ होते. त्यांच्या आयोगाने कार्यानुभव आणि विज्ञान यांवर भर दिला, तरी विद्याशाखांमधील भिंत तशीच राहिली.

ही भिंत प्रथम नियमाने पाडली गेली ती 2021-22 मध्ये. राष्ट्रीय शिक्षण धोरण 2020 पदवी पातळीवर लागू करणाऱ्या पहिल्या राज्यांत मध्य प्रदेश होते. मुख्य विषय, गौण विषय, वैकल्पिक विषय आणि व्यावसायिक विषय अशी नवी रचना आली. वैकल्पिक विषय दुसऱ्या शाखेतूनही निवडण्याची मुभा मिळाली. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्याला मानसशास्त्राची ओळख करून घेण्याचा मार्ग कागदावर मोकळा झाला. मात्र हा लाभ महाविद्यालयात तो विषय आणि त्याचा अध्यापक असेल तरच मिळतो. मोठ्या शहरात निवड हा अधिकार असतो. लहान शहरात तो वेळापत्रकाचा आणि रिक्त पदांचा प्रश्न असतो.

प्रश्न कोणाचा?

2006 च्या सच्चर समितीच्या अहवालानुसार देशातील नामवंत महाविद्यालयांत पदवी स्तरावर दर 25 विद्यार्थ्यांमागे एकच मुस्लिम विद्यार्थी होता. याचा सरळ अर्थ असा, की समाजाच्या बहुतांश मुलामुलींचे उच्च शिक्षण नामवंत संस्थांत घडत नाही. ते बऱ्हाणपूर, भुसावळ, मालेगाव अशा गावांतील महाविद्यालयांत घडते. तेथे जो विषय शिकविला जात नाही, तो त्यांच्यासाठी अस्तित्वातच नसतो.

यापैकी भौतिकशास्त्र हा विषय ‘अवघड’ म्हणून आणि मानसशास्त्र हा विषय ‘सोपा’ किंवा ‘मुलींचा’ म्हणून बाजूला ठेवला जातो. दोन्ही समज घातक आहेत. पहिल्यामुळे मुली मोजमापाच्या शास्त्रापासून दूर राहतात, दुसऱ्यामुळे मुलगे मनाच्या शास्त्राकडे वळत नाहीत. दरम्यान परिस्थिती बदलली आहे. जुलै 2025 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने विद्यार्थ्यांच्या मानसिक आरोग्याविषयी मार्गदर्शक सूचना दिल्या. शंभर किंवा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थेत पात्र समुपदेशक, मानसशास्त्रज्ञ किंवा समाजकार्यकर्ता असावा, असे त्यांत म्हटले आहे. आपल्या संस्थांसाठी हे समुपदेशक कोठून येणार? मुलांच्या भाषेत बोलणारा आणि त्यांच्या घरची परिस्थिती जाणणारा समुपदेशक हवा असेल, तर तो आपल्याच वर्गांतून तयार व्हावा लागेल.

काही सूचना

साधनसामग्री नाही, ही अडचण खरी आहे. पण ती नेहमीच निर्णायक नसते. एक साधा प्रयोग पाहू. एका विद्यार्थ्याने फूटपट्टी उभी धरून अचानक सोडावी आणि दुसऱ्याने ती चिमटीत पकडावी. पट्टी 20 सेंटिमीटर खाली आली तर मुक्त पतनाच्या सूत्रानुसार साधारण 0.2 सेकंद इतका काळ गेला. हा त्या विद्यार्थ्याचा प्रतिक्रियाकाल होय. गुरुत्वाकर्षणाचे सूत्र भौतिकशास्त्राचे आणि काढलेले उत्तर मानसशास्त्राचे. हाच प्रयोग दहा वेळा करून सरासरी काढावी, मग गोंगाटात पुन्हा करावा. दोन्ही विभागांना एका फूटपट्टीत एक संयुक्त प्रात्यक्षिक मिळते.

शहर स्वतःच एक प्रयोगशाळा आहे. कुंडी भंडाऱ्याचा उतार, प्रवाहाचा वेग, पाण्यातील क्षार साचल्याने होणारा परिणाम हे भौतिकशास्त्राच्या प्रकल्पाचे उत्तम विषय आहेत. यंत्रमागांच्या वस्तीत आवाजाची पातळी मोजणे हे भौतिकशास्त्राचे काम. त्या आवाजात दिवसभर उभ्या असलेल्या विणकराचे लक्ष, थकवा आणि झोप यांचा अभ्यास हे मानसशास्त्राचे. अनेक विद्यार्थ्यांचे वडील आणि भाऊ याच मागांवर आहेत. त्यांच्यासाठी हा प्रकल्प केवळ गुणांपुरता राहणार नाही. अर्थात अशा अभ्यासात कामगाराची संमती घेणे आणि त्याचे नाव गुप्त ठेवणे बंधनकारक मानले पाहिजे.

भाषेच्या बाबतीत प्रत्येक महाविद्यालयाने उर्दू, हिंदी, मराठी आणि इंग्रजी अशी चार स्तंभांची परिभाषा-सूची तयार करावी. एका पेपरासाठी दोनशे शब्द पुरेसे होतात. उस्मानियाने जे काम एका संस्थानाच्या खजिन्यावर केले, त्याचा छोटा अंश दोन अध्यापक एका सुट्टीत करू शकतात.

समारोप

तबीइयात आणि नफ्सियात यांची फारकत ज्ञानाने केली नाही. ती विद्यापीठांच्या खातेवाटपाने केली. इब्नुल हैसम यांच्या ग्रंथात, फेख्नर यांच्या प्रयोगांत आणि कलकत्त्याच्या विज्ञान महाविद्यालयात हे दोन विषय एकत्र नांदले. आज नियमांनी पुन्हा दार उघडले आहे. बऱ्हाणपूरसारख्या शहरात त्या दारातून विद्यार्थी आत जाईल की नाही, हे मात्र शासनाच्या अधिसूचनेइतकेच त्या शहरातील अध्यापकांवर अवलंबून आहे. येत्या शैक्षणिक वर्षाचे वेळापत्रक ठरविताना भौतिकशास्त्राच्या आणि मानसशास्त्राच्या प्राध्यापकांनी एकदा एकत्र बसावे. जेथे मानसशास्त्राचा विभाग नाही, तेथे तो का नाही आणि केव्हा सुरू करता येईल, हा प्रश्न संस्थेच्या सभेत मांडावा. इतिहासाच्या अभ्यासातून एवढे निष्पन्न झाले तरी या लेखाचा हेतू सफल झाला असे समजता येईल.